आम्लातून वाट काढणारा जंतू

जठरातल्या तीव्र आम्लात बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. हेलिकोबॅक्टर पायलोरी मात्र तिथेच वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो. जठरातल्या अनेक अल्सरमागे हा जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पाहिले! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मला थक्क करतं ते या जंतूचं दिशाज्ञान. जठराच्या भिंतीवर श्लेष्माचा थर असतो. पोकळीच्या बाजूला तो आम्लधर्मी, तर पेशींलगत जवळजवळ उदासीन. जंतूला पेशींकडे जायचं असतं. डोळे नाहीत, मेंदू नाही. आहेत फक्त गरगर फिरणाऱ्या कशाभिका आणि रसायनं ओळखणारी ग्राहक प्रथिनं. देह इतका चिमुकला, की डोक्याशी किती आम्ल आणि शेपटाशी किती, हे ताडून फारसं काही कळत नाही. म्हणून तो आत्ताची स्थिती क्षणापूर्वीच्या स्थितीशी ताडतो. सुधारत असेल तर पोहत राहतो, बिघडली तर दिशा बदलतो.

पेशींकडून झिरपणारा युरिया त्याला खुणावतो. 'टीएलपीबी' हे ग्राहक प्रथिन युरियाचा अतिसूक्ष्म अंशही हेरतं. शिवाय हाच युरिया फोडून जंतू अमोनिया तयार करतो. त्याने भोवतालचं आम्ल शमतं, घट्ट श्लेष्मा सैल होतो आणि पोहणं जमतं.

माग काढण्याची ही क्षमता काढून घेतलेले जंतू उंदरांच्या जठरात नीट वस्ती करू शकत नाहीत. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असताना, त्यांची दिशाच चुकवणाऱ्या औषधांचा शोध मला फार मोलाचा वाटतो.