लग्न लावतं कोण, मान्य करतं कोण?

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. लग्न होतं कशाने? अक्षता पडल्याने, की रजिस्टरात सही केल्याने?

2017 च्या डिसेंबरअखेरीस आपल्या यवतमाळात दोन पुरुषांचं लग्न लागलं. एक इथलाच, दुसरा परदेशी. जवळची माणसं हजर होती. तेव्हा कलम 377 नुसार असे संबंध गुन्हा होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून मोकळं केलं ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. गुन्हा गेला, पण विवाह मिळाला नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्ती म्हणाले की विवाह हा मूलभूत हक्क नाही. मान्यता द्यायची तर ते काम संसदेचं.

आता याचा अर्थ बाभुळगावात बसून बघू. मांडवात लागलेलं लग्न नोंदवलं नाही, म्हणून ते रद्द होत नाही. नवरा वारला, सातबाऱ्यावर वारस चढवायची वेळ आली, की गाव सांगतं, ‘हो, ही त्याचीच बायको.’ वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांना न्यायालयही सहसा विवाहित धरतं. म्हणजे आपला कायदा गावाच्या शब्दाला किंमत देतो. पण दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी तीस वर्षं एका चुलीवर काढली आणि अख्खं गाव साक्षीला उभं राहिलं, तरी तो शब्द वाया जातो. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात त्या जोडीदाराला जागाच नाही. मृत्युपत्र नसेल, तर शेत भावाकडे किंवा पुतण्याकडे जातं.

मृत्युपत्र करता येतं, हे खरं. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, असंही अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. पण कुटुंब निवृत्तिवेतन काही मृत्युपत्रात लिहून देता येत नाही. ते नात्यालाच मिळतं.

‘हे आपल्या परंपरेत बसत नाही,’ असं कुणी म्हणेल. बरं, कोणती परंपरा? विधवेचं लग्न एका घरी पाप होतं, तर दुसऱ्या घरी पाट म्हणून रूढ होतं. काडीमोडही तशीच. 1873 मध्ये सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हाही ‘हे कसलं लग्न?’ असं विचारणारे होतेच. परंपरा म्हणजे एक दगड नव्हे. तिच्यात वाद असतात, वाटा असतात.

तरी आक्षेप घेणाऱ्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. आपल्याकडे लग्न हा दोघांपुरता करार नसतो. दोन घरं एकमेकांची जबाबदारी घेतात. आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. पण मग विवाहाचं मर्म जबाबदारीत आहे. आजारात उशाशी बसणारा, म्हातारपणी हात धरणारा, कर्जात वाटेकरी होणारा माणूस वारस ठरवताना परका का व्हावा?

कायदा संसद करेल तेव्हा करेल. पण साक्ष द्यायला गावाला कुणाची परवानगी लागत नाही. संसदेपुढे हा विषय येईल, तेव्हा तिथेही विचारलं जाईल की लोक काय म्हणतात. ते लोक म्हणजे आपणच.