अश्वशक्ती, किलोवॉट आणि युनिट



विहिरीवरची मोटर घ्या, नाहीतर शेतातला ट्रॅक्टर घ्या. प्रत्येक यंत्रावर एक छोटी पाटी ठोकलेली असते आणि तिच्यावर एच. पी., के. डब्ल्यू., आर. पी. एम. अशी अक्षरे असतात. ती न वाचता खरेदी केली, की पुढे बिलात नाहीतर दुरुस्तीत पैसा जातो. म्हणून या अक्षरांचा अर्थ नीट समजावून घेऊ.

एच. पी. म्हणजे अश्वशक्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉट हा स्कॉटिश यंत्रज्ञ वाफेची यंत्रे तयार करीत असे. गिऱ्हाइकांना घोड्यांच्या कामाची सवय. तेव्हा यंत्राचे बळ त्याने घोड्याच्या कामाशी ताडून सांगितले. सुमारे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे, ही झाली एक अश्वशक्ती. पुढे त्याचेच नाव एका मापाला मिळाले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट; आणि हजार वॉटांचा एक किलोवॉट, म्हणजेच के. डब्ल्यू.

आता किलोवॉट आणि युनिट यांची गल्लत करू नका. पाटाला पाणी किती वेगाने वाहते, तसा किलोवॉट. हौदात एकूण किती पाणी पडले, तसे युनिट. एक किलोवॉटचे यंत्र एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च झाली. ५ अश्वशक्तीची मोटर पुऱ्या भाराने ६ तास चालली, तर हिशेब असा: ५ गुणिले ७४६ म्हणजे ३.७३ किलोवॉट, त्याला ६ ने गुणले, की सुमारे २२ युनिटे. मीटरवर मात्र याहून जास्त दिसतील, कारण काही वीज मोटर तापण्यात वाया जाते. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी ३ किलोवॉट-तासांची आहे असे म्हणतात, तेव्हा तीत ३ युनिटे मावतात एवढाच अर्थ.

ट्रॅक्टर घेताना आणखी एक शब्द विचारा: पी. टी. ओ. मागच्या ज्या दांड्यावरून रोटाव्हेटर फिरतो, तो हा. इंजिनाची सगळी अश्वशक्ती तेथवर पोहोचत नाही. काही वाटेतल्या दातेरी चाकांत खर्ची पडते. म्हणून रोटाव्हेटरची जोडी जमवताना इंजिनाचा मोठा आकडा पाहून भुलू नका, पी. टी. ओ.चा आकडा पाहा. आर. पी. एम. म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, पी. टी. ओ.चे नेहमीचे फेरे ५४० असतात.

फटफटीवरचे सी. सी. म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडरात दट्ट्या खालीवर होताना जेवढी जागा व्यापतो, तिचे हे माप. ते शक्तीचे माप नव्हे.

पेट्रोल पंपावर ई-२० लिहिलेले दिसते. त्यात शंभरात २० भाग इथेनॉल असते. आपल्या उसापासूनही ते बनते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी, म्हणून गाडी लिटरला थोडी कमी धावते. जुनी गाडी असेल, तर तिला हे इंधन चालते का, ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे.

गुरुजींना एक विनंती. मुलांना घरच्या मोटरीची पाटी उतरवून आणायला सांगा आणि वरचे गणित फळ्यावर करून घ्या. बिल आले, की तोच हिशेब मुले घरी वडीलधाऱ्यांना समजावून देतील.