इंजिनाखालचं रबर : वॉटर स्कूटर का हादरते?



आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण सहल अलिबागला किंवा तारकर्लीला गेली, की मुलांची नजर वॉटर स्कूटरवर खिळते. आज तिच्या इंजिनाखालच्या एका लहानशा भागाची ओळख करून घेऊ. विज्ञानातला 'कंपन' हा घटक शिकवतानाही तो उपयोगी पडेल.

माउंटिंग म्हणजे काय?

इंजिन चालू झालं की थरथरतं. ही थरथर बॉडीपर्यंत कमी पोचावी म्हणून इंजिनाखाली रबर बसवतात, तेच माउंटिंग. कार आणि स्कूल व्हॅनमध्येही ते असतं. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो, मध्ये रबर नसतं. ट्रॅक्टरवर बसलं की अंग का हादरतं, याचं एक कारण हेच!

वॉटर स्कूटरचं इंजिन साधारण तीन-चार माउंटिंगवर बसतं. ते एका शाफ्टने मागच्या पंपातलं पात्यांचं चाक फिरवतं. पंप पाणी जोरात मागे फेकतो आणि स्कूटर पुढे जाते. यासाठी इंजिन आणि पंप एका रेषेत हवेत. रबर दबलं की इंजिन खाली बसतं आणि रेषा बिघडते. मग शाफ्टचे दाते झिजतात. शाफ्ट बॉडीबाहेर जातो तिथलं सील खराब झालं तर पाणी आत शिरतं. म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नाही, सुरक्षेचा आहे.

बिघाड कसा ओळखतात?

१. इंजिन सुरू किंवा बंद करताना 'धप्प' असा आवाज येतो.
२. हँडल आणि सीट पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात.
३. रबराला चिरा पडतात, ते फुगतं किंवा धातूपासून सुटतं. उष्णता, तेल आणि खारं पाणी हे त्याचे शत्रू.
४. इंजिन बंद करून, बॅटरीची वायर काढून, मेकॅनिक लाकडी दांड्याने इंजिन हलकेच उचलून पाहतो. एक कोपरा जास्त हलला, की तिथलं माउंटिंग गेलं समजा.

पण घाई नको. पंपात दोरी किंवा प्लास्टिक अडकलं, पातं वाकलं किंवा स्पार्क प्लग नीट पेटत नसला, तरी हादरे बसतात. ही स्वस्तातली कारणं आधी तपासायची.

कसं बदलतात?

हे काम जाणकार मेकॅनिकचंच. आधी बॅटरी सोडवतात आणि अडणारे पाइप मोकळे करतात. चेन ब्लॉकने इंजिनाचं वजन तोलून धरतात. माउंटिंगखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. कुठली चकती कुठून निघाली, ते लिहून ठेवतात. एक रबर गेलं असेल तर बाकीचीही थकलेली असतात, म्हणून शक्यतो सगळा सेट बदलतात. शेवटी इंजिन आणि पंप एका रेषेत आहेत का ते मोजून पाहतात आणि कंपनीने ठरवलेल्या जोराइतकेच बोल्ट आवळतात. रेषा न तपासता गाडी जोडली, तर नवीन रबर बसवूनही शाफ्ट झिजतच राहतो.

वर्गात करून पाहा

मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून स्टीलच्या ताटलीत ठेवा आणि रिंग द्या. मग त्याच्या चारही कोपऱ्यांखाली खोडरबर ठेवून पुन्हा रिंग द्या. आवाज का बदलला, हे मुलांनाच सांगू द्या. 'थरथर थांबली की नुसती ताटलीपर्यंत पोचायची कमी झाली?' हा प्रश्न जरूर विचारा. मोबाइलला बोट लावून पाहिलं की उत्तर त्यांना आपोआप सापडेल.

आणि पालकहो, सहलीत मूल वॉटर स्कूटरवर बसण्याआधी तीन गोष्टी बघा : लाइफ जॅकेट नीट बांधलंय ना, इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलीय ना, आणि उभ्या स्कूटरचं इंजिन धडधडत तर नाही ना. शंका आली तर त्या स्कूटरवर मुलाला बसवू नका. मूल थोडं रुसेल, रुसू द्या!