विमान-प्रतिकृती, तारनियंत्रित : पंखभाराचे संतुलन

मध्यभागी उभ्या असलेल्या चालकाभोवती दोन बारीक पोलादी तारांच्या आधारे वर्तुळात उडणाऱ्या लहान विमानाच्या बाहेरील पंखाच्या टोकाशी योग्य तेवढे वजन ठेवून दोन्ही पंख समपातळीत राखण्याच्या क्रियेस पंखभाराचे संतुलन म्हणतात. अशी विमाने अमेरिकेत जिम वॉकर यांनी १९४० च्या सुमारास लोकप्रिय केली. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुसेना शाखेतील प्रशिक्षणात विमान-प्रतिकृतींचा समावेश असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात तारनियंत्रित उड्डाणाच्या स्पर्धा होतात.

चालकाच्या मुठीपासून निघालेल्या तारा आतील पंखाच्या टोकातून जाऊन विमानातील तरफेला जोडलेल्या असतात. मूठ कलविली की तरफ फिरते व तिचा दांडा शेपटीवरील आडवी फळी खालीवर करतो. हे नियंत्रण तारा ताठ असेपर्यंतच चालते. ताण केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे निर्माण होतो. उदा., १·५ किग्रॅ. वस्तुमानाचे विमान १८ मी. त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदास २४ मी. वेगाने फिरत असता तारांवर सु. ४·९ किग्रॅ. वजनाइतका ताण येतो. विमान आत कलल्यास हा ताण घटतो. तारा सैल पडताच नियंत्रण सुटून विमान कोसळते.

आत कलण्याची प्रवृत्ती दोन कारणांनी उद्‌भवते. पहिले कारण तारांचे वजन. ०·४ मिमी. व्यासाच्या व १८ मी. लांबीच्या दोन भरीव तारा सु. ३५ ग्रॅ. भरतात व त्यांपैकी जवळजवळ निम्मा भार आतील पंखाच्या टोकावर पडतो. दुसरे कारण पंखांच्या वेगांतील फरक. प्रत्येक पंखाचा मध्य विमानाच्या अक्षापासून ३५ सेंमी. दूर असल्यास बाहेरील पंखाचा वेग सु. ४ टक्क्यांनी अधिक असतो. उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सु. ८ टक्क्यांनी अधिक भरते. यावर उपाय म्हणून आतील पंख किंचित लांब ठेवतात आणि उरलेला फरक बाहेरील टोकातील शिशाने भरून काढतात. दोन्ही पंख समान लांबीचे असल्यास अधिक शिसे लागते.

वजनाचे प्रमाण उड्डाणानेच ठरते. सरळ उड्डाणात तारांचा ताण पंखांना सावरून धरतो, त्यामुळे थोडा दोष झाकला जातो. तीव्र वळणात पंखांवरील भार कित्येक पटींनी वाढून तो उघड होतो. वळणात बाहेरील टोक खाली ढळल्यास वजन जास्त, आतील टोक ढळल्यास कमी समजावे. मात्र पंखाला पीळ असल्यासही टोक ढळते. सुलट्या व उलट्या अशा दोन्ही उड्डाणांत तेच टोक जमिनीकडे झुकत असल्यास दोष वजनाचा असतो. उलट्या उड्डाणात झुकणारे टोक बदलल्यास तो पिळाचा असतो. पिळाचा दोष शिशाने दूर होत नाही, म्हणून पीळ आधी काढतात. त्यानंतर एका वेळी ३ ते ५ ग्रॅ. इतकाच बदल करतात. शिसे गुरुत्वमध्याच्या रेषेत ठेवल्यास विमानाचा पुढचा-मागचा तोल बिघडत नाही. ते झाकणाच्या पेटीत स्क्रूने पक्के करणे आवश्यक असते, कारण सुटलेला तुकडा प्रेक्षकांना इजा करू शकतो.

उत्तम संतुलित विमानही विजेच्या तारांजवळ उडवू नये. देहूरोड–चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात मैदान निवडताना उच्चदाबाच्या वाहिन्यांपासूनचे अंतर प्रथम पाहावे लागते. कारण पोलादी तारा विद्युत्‌वाहक असून त्यांचे दुसरे टोक चालकाच्या हातात असते.