अवयव प्रत्यारोपणानंतरची गर्भिणी : वैद्यांची जबाबदारी

पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर व सहकाऱ्यांनी मे २०१७ मध्ये मातेच्या गर्भाशयाचे कन्येच्या शरीरात प्रत्यारोपण केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या कन्येस शस्त्रक्रियेद्वारे कन्यारत्न झाले. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची पहिली प्रसूती तर अमेरिकेत १९५८ मध्येच झाली होती. अशी गर्भिणी मानोऱ्यासारख्या गावीही सल्ल्यास येऊ शकते, म्हणून हे अल्प विवेचन.

प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून व्याधिक्षमत्व औषधांनी दाबून ठेवावे लागते. टॅक्रोलिमस गर्भावस्थेतही चालू राहते. मायकोफिनोलेट मात्र गर्भास घातक असल्याने गर्भधारणेपूर्वी किमान ६ आठवडे तज्ज्ञ ते बदलतात.

येथेच आपली परीक्षा आहे. गुडूची, अश्वगंधा देऊन बल वाढवावे, हा आपला नित्य विचार. परंतु दाबलेले व्याधिक्षमत्व जागृत झाल्यास अवयवच धोक्यात येण्याचा संभव असतो. पिप्पली, मरिच वा अधिक मात्रेतील हरिद्रा यांमुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

म्हणून चालू औषधे थांबवण्यास सांगू नये आणि प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संमतीविना आपले औषध देऊ नये. औषधी विक्रेत्यांनीही गर्भिणीस काढा देण्यापूर्वी प्रत्यारोपणाविषयी अवश्य विचारावे, ही आमची नम्र विनंती.