सोन्यापेक्षा भिंत महत्त्वाची

खाण म्हटलं की आपल्याला सोनं दिसतं. आज बोलूया त्या सोन्याला वेढून बसलेल्या खडकाबद्दल. भूवैज्ञानिक त्याला 'कंट्री रॉक' म्हणतात.

उदाहरण घेऊ कर्नाटकातल्या कोलारचं. केजीएफ सिनेमामुळे नाव सगळ्यांना माहीत झालंय. तिथली सोन्याची मुख्य शिरा, म्हणजे चॅम्पियन रीफ, गारगोटीची. रुंदी बहुतेक ठिकाणी मीटरभराच्या आसपास. पण तिच्या दोन्ही बाजूंना आहे काळपट, कठीण अँफिबोलाइट. म्हणजे खाणकामगार सोन्यासाठी उतरायचा, पण दिवसभर वावरायचा या खडकाच्या भिंतींमध्ये. शिरा तिरकी असेल तर डोक्यावरची भिंत 'हँगिंग वॉल' आणि पायाखालची 'फूटवॉल'.

आता प्रश्न असा, की सोनं नेमकं तिथंच का साचतं? खोलवरचं गरम पाणी भेगांमधून वर येतं. त्यात सोनं बहुधा गंधकाशी जोडी करून विरघळलेलं असतं. आजूबाजूच्या खडकात लोह भरपूर असेल, तर गंधक लोहाला जाऊन मिळतं, पायराइट तयार होतं. जोडी तुटली की सोनं खाली बसतं. या व्यवहारात भिंतीचा खडकही बदलतो, त्याची खनिजं आणि रंग पालटतात. बदललेला हा पट्टा शिरेपेक्षा रुंद असू शकतो. म्हणून शोध घेणारे आधी तोच हुडकतात.

पण हाच खडक जिवावरही उठतो. कोलारची खाण तीन किलोमीटरपेक्षा खोल गेली होती. शिरा काढून घेतली की पोकळी उरते आणि वरचा सगळा भार भिंतींवर येतो. मऊ खडक हळूहळू दबतो. कठीण खडक मात्र ताण साठवत राहतो आणि एका क्षणी स्फोटासारखा फुटतो. याला 'रॉक बर्स्ट' म्हणतात. कोलारमध्ये यात अनेक कामगारांचे जीव गेले. भिंती तोलून धरायला तिथे ग्रॅनाइटच्या दगडांचे बांध घालत, पुढे काँक्रीटही वापरलं. 1988 साली देशाची खडक-यांत्रिकी संस्था उभी राहिली, तीही कोलारलाच.

2001 मध्ये खाण बंद झाली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'अमुक ठिकाणी सोनं सापडलं' म्हणालं, तर लगेच विचारा: भोवतीचा खडक कसला आहे? सोनं काढणं परवडेल का आणि माणसं सुखरूप वर येतील का, हे बरंचसं त्यावर ठरतं.

भेटू पुढच्या भागात.