जुन्या ट्रकच्या हेडची पकड

ग्वाल्हेरचा महाराज बाडा मराठी माणसाला परका वाटू नये. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली जेथे पडली त्या 'लष्कर' भागाचा हा मध्य, आणि 'बाडा' हा आपल्या 'वाड्या'चाच उत्तरेकडचा भाऊ. टाउन हॉल, पोस्टाची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट असे पाहण्यासारखे तेथे बरेच आहे. परंतु या लेखापुरते महत्त्वाचे आहे ते तेथले ऊन. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि याच शहरावरून आग्रा-मुंबई हा जुना मालवाहतुकीचा रस्ता शिवपुरी, गुणा, इंदूर करीत सेंधव्याजवळचा बिजासन घाट व पुढे कसारा घाट गाठतो. पंचवीस-तीस वर्षांचा ट्रक भर उन्हात माल लादून या वाटेला लागला, की इंजिनाच्या हेडची परीक्षा सुरू होते.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ६५. हवा ४५ वर गेली की तो ४५ उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण काम सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्यात जाळीत कचरा आणि नळ्यांत क्षार साचलेले असले, तर घाटात पाणी उकळणारच.

आता हेडला धरून ठेवायचे काय असते ते पाहू. आपल्याकडच्या ट्रकांत वर्षानुवर्षे दिसलेले टाटाचे ६९७ इंजिन घ्या. त्याच्या सहा सिलिंडरांपैकी प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस सेंटिमीटर. टर्बो नसलेल्या अशा डिझेल इंजिनात जळणाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ७५ किलोग्रॅमच्या आसपास चढतो असे धरले, तर गुणाकार साडेपाच टनांवर जातो. एवढ्या जोराने प्रत्येक सिलिंडर हेडला वर ढकलतो, आणि इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर हा धक्का १२०० वेळा बसतो. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पातळ गॅस्केटने हा वायू तर अडवायचाच, शिवाय शेजारच्या भोकांतले पाणी आणि तेलही एकमेकांत मिसळू द्यायचे नाही.

गॅस्केट फुटले की दोष गॅस्केटला दिला जातो. मेस्त्री (ग्वाल्हेरकडे मिस्त्री) नवे टाकतो आणि 'या वेळी जरा जास्त कसू' म्हणून पान्याला पाइप अडकवतो. माझ्या मते जुन्या हेडांचे सर्वांत जास्त नुकसान या पाइपने केले आहे.

हुकचा नियम आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. हेडचा बोल्ट ही खरोखर एक ताठ स्प्रिंगच आहे. कसला की तो ताणला जातो, आणि मूळ लांबीकडे परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे हेड दाबून धरले जाते. दहा सेंटिमीटरचा चांगल्या पोलादाचा बोल्ट पुरता कसल्यावर लांबतो तो जेमतेम ०.२ मिलिमीटर. आता जुन्या धर्तीचे तांबे-अॅसबेस्टॉसचे गॅस्केट उष्णतेने ०.०५ मिलिमीटर बसले, तर बोल्टचा जवळजवळ पाव ताण नाहीसा झाला! फट डोळ्याला दिसत नाही, पण पकड गेलेली असते. म्हणूनच अशा गॅस्केटवर इंजिन एकदा तापवून बोल्ट पुन्हा कसायचे असतात. आजच्या पोलादी थरांच्या गॅस्केटांपैकी पुष्कळांना याची गरज नसते. पाकिटावरची सूचना वाचावी.

टॉर्क पान्यावरचा आकडाही फसवा असतो. आपण लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के भाग बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो; ताणासाठी दहाच टक्के उरतात. आटे गंजलेले असले तर आकडा पुरा भरतो आणि बोल्ट मात्र ताणलाच जात नाही. तेव्हा आटे साफ करून, सांगितले असेल तेथे तेलाचे बोट लावून, मधून कडेकडे जात दोनतीन टप्प्यांत कसणे हेच खरे बळकटीकरण. भोकात तेल साचू देऊ नये. आत दबलेले तेल ब्लॉकला तडा पाडू शकते. पाइप लावून कसलेला बोल्ट एका मर्यादेपलीकडे कायमचा लांबतो, म्हणजे त्याची स्प्रिंग मरते, किंवा बिडाचे आटेच उपटून येतात.

दुसरी गोष्ट सपाटीची. एकदा पाणी उकळून गेले की हेड वाकते, आणि तापलेल्या इंजिनात घाईने थंड पाणी ओतले तर बीड तडकतेही. हेड उतरल्यावर सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फीलर गेजने फट मोजायला दहा मिनिटे पुरतात. फट पुस्तकातल्या मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग करून घ्यावे. लायनर वेगळा बसवलेला असेल, तर त्याची कड ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर असावी लागते. ती खाली गेली असेल तर कितीही महाग गॅस्केट टिकणार नाही.

काही ठिकाणी सिलिंडरभोवती चर काढून त्यात तार बसवतात, बोल्टऐवजी स्टड घालतात. स्टडचा फायदा आहे: कसताना नट फिरतो, बिडातले आटे घासले जात नाहीत. तारेची युक्ती मात्र टर्बो जोडून किंवा डिझेल वाढवून इंजिनाची ताकद चढवणाऱ्यांसाठी. मूळ ताकदीवर चालणाऱ्या ट्रकाला ती बहुधा नको. एकाच ट्रकावर घर चालवणाऱ्याने ते पैसे रेडिएटर साफ करण्यात आणि थर्मोस्टॅट बदलण्यात घालावेत.

जुने गॅस्केट खरवडताना मात्र सांभाळा. ते अॅसबेस्टॉसचे असू शकते, आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तारेचा ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा बाजूला ठेवून ते ओले करावे, ओलेच काढावे आणि पिशवीत बांधून टाकावे. हे काम बहुतेक गॅरेजांत सर्वांत लहान पोऱ्याकडे असते.